मतपेटीवरून पेटलेलं गाव
(प्रस्तावना)

टेक्ससमधल्या रिचमंड या लहान गावात १६ ऑगस्ट १८८९ च्या संध्याकाळी भर रस्त्यात गोळीबार झाला. काउंटीचा शेरीफ टॉम गार्वी जागीच कोसळला. त्याच्या आधी शेरीफ असलेला जेक ब्लेकली मारला गेला. विरुद्ध बाजूचा म्होरक्या हेन्री फ्रॉस्ट जबर जखमी झाला आणि त्या जखमांनीच दगावला. रॉबिन स्मिथ नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी भरकटलेल्या गोळीला बळी पडली. कोर्टाच्या इमारतीभोवती सुरू झालेली ही चकमक काही मिनिटांत आटोपली. अमेरिकी इतिहासात ती ‘जेबर्ड-वुडपेकर युद्धा’तली निर्णायक लढाई म्हणून नोंदली गेली आहे. पुढच्या पानांत त्या युद्धाची, त्याआधीच्या वीस वर्षांची आणि त्यानंतरच्या चौसष्ट वर्षांची हकिकत आहे.

वर्षांचा हा हिशेब आधीच सांगण्याचं कारण आहे. अशा गावांच्या गोष्टी आपण बहुतेक वेळा पिस्तुलांच्या आवाजापाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो. मॅटिनीला पाहिलेल्या काउबॉय चित्रपटांनी आपल्या मनात एक गाव कायमचं वसवून ठेवलं आहे. त्या गावात धुळीचा एकच रस्ता आहे, दोन घराण्यांत जुनं वैर आहे, आणि कायदा अजून पोचायचाच आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात अशी वैरं पुष्कळ झाली, हे खरं आहे. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवरचे हॅटफील्ड आणि मकॉय तर जगप्रसिद्ध आहेत. टेक्ससमध्येही सटन-टेलर वैर गाजलं, आणि त्याच्या कितीतरी आधी शेल्बी काउंटीत ‘रेग्युलेटर’ आणि ‘मॉडरेटर’ एकमेकांवर तुटून पडले. सी. एल. सॉनिक्सेन या अभ्यासकाने टेक्ससमधल्या वैरांवर १९५१ साली आख्खं पुस्तक लिहिलं. रिचमंडची हकिकतही याच रांगेत बसवली जाते. माझं म्हणणं असं आहे की ती तिथे बसत नाही. या गावात मालकी, मान, सूड हे सगळं होतंच. पण गोळ्या झाडल्या गेल्या त्या एका प्रश्नावर: गुलामीतून सुटलेल्या माणसाचं मत मोजायचं की नाही?

गाव कुठे आहे ते आधी पाहू. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर ब्राझोस नदी मोठं वळण घेते. स्टीफन ऑस्टिनने आणलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांपैकी काहींनी १८२२ मध्ये या वळणावर एक लाकडी गढी उभारली. तिच्यावरून काउंटीचं नाव फोर्ट बेंड पडलं. १८३७ मध्ये रिचमंड गाव आखलं गेलं. टेक्सस स्वतंत्र प्रजासत्ताक असताना त्याचा दुसरा अध्यक्ष झालेला मिराबो लामार उतारवयात इथेच राहिला आणि १८५९ मध्ये इथेच वारला. १८५५ पर्यंत रेल्वे येऊन पोचली होती. टेक्ससमधली ती पहिली रेल्वे. म्हणजे १८८९ ला हे गाव काही रानातलं ठाणं राहिलं नव्हतं. इथे कोर्ट होतं, रेल्वे होती, हॉटेलं होती, ह्यूस्टनच्या दैनिकाला बातम्या पाठवणारा वार्ताहर होता. कायदा पोचायचा बाकी होता असं म्हणायला जागाच नाही. त्या संध्याकाळी रस्त्यावर पडलेल्यांत एक आजी शेरीफ होता आणि एक माजी.

नदीकाठची जमीन काळी, कसदार आणि पुराच्या गाळाने दरवर्षी नवी होणारी. कापूस आणि ऊस दोन्ही इथे उत्तम येत. ऊस म्हटला की राबणारे हात आले, आणि ते हात गुलामांचे होते. १८६० च्या खानेसुमारीत फोर्ट बेंडमध्ये ४,१२७ गुलाम आणि २,०१६ गोरे होते. दोन गुलामांमागे एक गोरा, असं हे प्रमाण. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टनमध्ये मुक्तीचा हुकूम जाहीर झाला आणि या काउंटीतले बहुसंख्य रहिवासी एका दिवसात माणसं म्हणून कायद्याच्या दप्तरात आले. मग यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात त्यांना मताधिकार मिळाला, आणि आकड्यांचा अर्थच पालटला. काल जी संख्या मळेवाल्याची मालमत्ता होती ती आज मतदारयादी झाली.

या बदलाचा चेहरा म्हणजे वॉल्टर मोझेस बर्टन. गुलाम म्हणून १८५० मध्ये त्याला नॉर्थ कॅरोलायनातून टेक्ससला आणलं गेलं. मालकाने त्याला लिहा-वाचायला शिकवलं होतं, आणि मुक्तीनंतर त्याच मालकाने त्याला जमीन विकली. १८६९ मध्ये हा माणूस फोर्ट बेंडचा शेरीफ म्हणून निवडून आला. अमेरिकेत निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय शेरीफ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पुढे तो टेक्ससच्या सिनेटवर गेला आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे होता. रिचमंडपासून जवळच केंडलटन हे गाव वसलं. विल्यम केंडल नावाच्या गोऱ्या जमीनदाराने आपला मळा तुकडे करून मुक्त झालेल्या कुटुंबांना विकला, त्यातून. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे त्याला मतदानाच्या दिवशी धमकावणं अवघड असतं. केंडलटनचा उल्लेख इतिहासात ओझरता येतो, पण या काउंटीतला मतदार इतकी वर्षं का टिकला, याच्या उत्तरात केंडलटनला मोठी जागा द्यायला हवी असं मला वाटतं.

टेक्ससच्या बहुतेक भागांत पुनर्रचनेची राजवट १८७४ च्या सुमारास संपली आणि सत्ता पुन्हा जुन्या गोऱ्या डेमोक्रॅटांकडे गेली. फोर्ट बेंडमध्ये तसं घडलं नाही. इथे दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय होते, आणि ते मतदान करत राहिले. राज्याच्या राजधानीत वारं फिरल्यावरही जवळजवळ पंधरा वर्षं या एका काउंटीत क्लार्क, कमिशनर, कॉन्स्टेबल अशा जागांवर कृष्णवर्णीय माणसं बसत होती.

त्यांच्याबरोबर सत्तेत असलेले गोरे म्हणजे वुडपेकर. ही जेमतेम चाळीसेक माणसं होती, आजी-माजी अधिकारी आणि त्यांचे सोयरे. यांना नायक करण्याचा मोह टाळायला हवा. कृष्णवर्णीयांच्या समतेसाठी ते उभे होते असं मानायला आधार नाही. मतं त्यांची, मोठी पदं आमची, असा त्यांचा सौदा होता. त्यांच्यातला काइल टेरी हा कर-निर्धारक. त्याचा बाप फ्रँक टेरी मोठा मळेवाला होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या घोडदळाची ‘टेरीज टेक्सस रेंजर्स’ ही तुकडी त्याने उभी केली आणि १८६१ मध्ये केंटकीत तो मारला गेला. अशा घरचा मुलगा कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून येत होता! तरीही, स्वार्थी का असेना, या सौद्यात मतदाराचं मत मोजलं जात होतं, आणि समोरच्यांना नेमकं तेच खुपत होतं.

समोरचे म्हणजे जेबर्ड. काउंटीतल्या दहा गोऱ्यांपैकी नऊ जण, आणि जवळजवळ सगळा पैसा त्यांच्या बाजूला. जेबर्ड हा निळ्या पंखांचा कलकलाट करणारा पक्षी आणि वुडपेकर म्हणजे आपला सुतार पक्षी. ही नावं बॉब चॅपेल नावाच्या रिचमंडमधल्याच एका कृष्णवर्णीय माणसाने दिली असं सांगतात. दोन्हीकडची माणसं एकाच शाळेत शिकलेली, एकाच चर्चमध्ये जाणारी, पुष्कळदा नात्यातली. त्यामुळे भांडण घराघरांत शिरलं, आणि म्हणूनच पुढच्या कथनकारांना ते घराण्यांचं भांडण वाटलं.

१८८८ हे निवडणुकीचं वर्ष. जेबर्डांनी गावोगाव सभा घेतल्या. व्यासपीठावरून एकमेकांचे वाभाडे काढले गेले. २ ऑगस्टच्या रात्री जे. एम. शॅम्ब्लिन या जेबर्ड पुढाऱ्याला त्याच्या घरात, खिडकीतून गोळी घालून ठार केलं गेलं. महिनाभराने हेन्री फ्रॉस्टवर हल्ला झाला. तो वाचला. मग ६ सप्टेंबरला रिचमंडमध्ये जेबर्डांची मोठी सभा भरली आणि काही निवडक कृष्णवर्णीयांना दहा तासांत काउंटी सोडण्याचा हुकूम दिला गेला. त्यांत डिस्ट्रिक्ट क्लार्क चार्ल्स फर्ग्युसन होता. निवडून आलेला, पदावर असलेला अधिकारी. त्याने घरदार सोडलं आणि तो टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेला. पण गप्प बसला नाही. त्याने जेबर्डांवर फेडरल न्यायालयात दावा लावला आणि त्यांना भरपाई देऊन तडजोड करावी लागली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत धाडसी माणूस फर्ग्युसन वाटतो. त्याच्या हातात बंदूक नव्हती म्हणून वैराच्या गोष्टी सांगणारे त्याला दोन ओळींत उरकतात.

राज्यपालांनी टेक्सस रेंजर्स, म्हणजे राज्याचे सशस्त्र पोलीस, पाठवले. त्यांच्या पहाऱ्यात नोव्हेंबरची निवडणूक झाली. इतकं मतदान काउंटीत त्याआधी कधी झालं नव्हतं. धमक्या, हद्दपारी, खून, सगळं होऊनही वुडपेकर पुन्हा जिंकले. या निकालापाशी वाचकाने क्षणभर थांबावं, अशी माझी विनंती आहे. मतपेटीतून हे सरकार हलणार नाही, हे त्या दिवशी जेबर्डांना कळून चुकलं. पुढे जे झालं ते या जाणिवेतून झालं.

२१ जून १८८९ ला शेजारच्या व्हार्टन गावात काइल टेरीने जेबर्डांच्या नेड गिब्सनला गोळी घालून मारलं. प्रचारसभांतल्या अपमानांचा तो वचपा होता. (पुढच्या जानेवारीत गॅल्व्हस्टनमध्ये नेडचा भाऊ वोल्नी याने टेरीला मारलं. वैराची जी गोष्ट म्हणतात ती एवढीच.) राज्यपालांनी पुन्हा रेंजर्स पाठवले. सार्जंट आयरा एटन हा त्यांचा प्रमुख. त्याच्याकडे माणसं मूठभर होती. १६ ऑगस्टला गिब्सन बंधू आणि वुडपेकरांचे पार्कर व वेड रस्त्यात समोरासमोर आले आणि पहिली फैर झडली. शेरीफ गार्वी कोर्टाच्या बाजूने पुढे निघाला. एटनने त्याला अडवण्याचा प्रयत्न केला. गार्वी थांबला नाही. कोर्टाची इमारत, नॅशनल हॉटेल आणि मॅकफार्लेन यांचं घर यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जे घडलं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. एक रेंजरही जखमी झाला.

रात्र पडेपर्यंत गाव जेबर्डांच्या ताब्यात होतं. वुडपेकर पांगले. राज्यपाल लॉरेन्स सलिव्हन रॉस यांनी ह्यूस्टनहून लष्करी तुकडी धाडली, मार्शल लॉ पुकारला, आणि ते स्वतः रिचमंडला आले. रॉस हे जुने रेंजर आणि दक्षिणेच्या सैन्यातले जनरल. त्यांनी मध्यस्थी केली, तडजोड घडवली आणि आयरा एटनला शेरीफ नेमलं गेलं. शांतता आली. या तडजोडीचं आजवर पुष्कळ कौतुक झालं आहे, आणि रक्तपात थांबला हे तिचं श्रेय कुणी नाकारू नये. पण तिचा अर्थ असा की वर्षही न उलटलेल्या निवडणुकीचा निकाल बंदुकीने फिरवला गेला आणि राज्य सरकारने त्यावर शिक्का मारला. वाटाघाटींच्या त्या टेबलाशी काउंटीतल्या दर पाचांपैकी चार माणसांच्या वतीने कुणी बसलेलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रिचमंडला सभा भरल्या आणि ‘जेबर्ड डेमोक्रॅटिक ऑर्गनायझेशन’ स्थापन झालं. काउंटीचा कारभार गोऱ्यांच्या हाती ठेवायचा, हा त्याचा उघड हेतू. १८९६ मध्ये गावात शॅम्ब्लिन, गिब्सन आणि फ्रॉस्ट या तीन जेबर्डांच्या नावाने स्मारक उभं राहिलं. इथून पुढचा भाग गोळीबाराइतका चित्तथरारक नाही. तरी या पुस्तकातली सर्वाधिक पानं मी त्याला दिली आहेत.

जेबर्डांनी उभारलेली व्यवस्था अशी. काउंटीच्या मतदारयादीतला प्रत्येक गोरा आपोआप संघटनेचा सभासद. निवडणुकीच्या वर्षी मे महिन्यात संघटना स्वतःच्या खर्चाने स्वतःचं मतदान घ्यायची. त्यात फक्त सभासद मत देत. जो जिंकेल तो जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ‘वैयक्तिक’ उमेदवार म्हणून अर्ज भरायचा. त्याच्या विरोधात जवळजवळ कधीच कुणी उभं राहत नसे. नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक मग केवळ सोपस्कार. कृष्णवर्णीय नागरिकाला जुलैत मत देता येवो वा नोव्हेंबरमध्ये, निवड मे महिन्यातच होऊन गेलेली असे. यात ना मारहाण, ना जाळपोळ. मतपत्रिका हातात होती, तिच्यात निवडायला काही उरलं नव्हतं.

टेक्सस राज्याने पुढे हेच सर्वत्र केलं. १९०२ मध्ये मतदानासाठी पोल टॅक्स आला. १९२३ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना बंदी घालणारा कायदा झाला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मग राज्याने नियम पक्षावर सोपवला, १९३२ मध्ये न्यायालयाने तेही मोडून काढलं, मग पक्षाने स्वतःच्या अधिवेशनात ठराव केला, आणि १९३५ मध्ये न्यायालयाने तो चालवून घेतला. शेवटी १९४४ मध्ये ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात गोऱ्यांची प्रायमरी घटनाबाह्य ठरली. पण जेबर्ड म्हणाले, आम्ही राज्य नव्हे आणि पक्षही नव्हे, आमचा खासगी क्लब आहे, आम्हाला हा निकाल लागू नाही. राज्याच्या मदतीशिवाय राज्याचं काम करण्याची ही युक्ती त्यांना १८८९ मध्येच सुचली होती.

हा किल्ला पाडायला रिचमंड आणि केंडलटनच्याच माणसांना उभं राहावं लागलं. जॉन टेरी, विली मेल्टन, अ‍ॅरिझोना फ्लेमिंग आणि त्यांचे साथीदार. ज्या काउंटीत प्रत्येक अधिकारी जेबर्डांनी निवडलेला आहे तिथे राहून, तिथेच पोट भरत, त्या संघटनेवर खटला भरणं म्हणजे काय, याची कल्पना करावी. १९५० मध्ये खालच्या न्यायालयात ते जिंकले, अपिलात हरले, आणि ४ मे १९५३ रोजी ‘टेरी विरुद्ध अ‍ॅडम्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी मुख्य निकालपत्र लिहिलं. एकट्या न्यायमूर्ती मिंटन यांनी विरोधी मत नोंदवलं. शाळांतल्या वंशभेदाचा सुप्रसिद्ध निकाल याच्या पुढच्या वर्षी आला आणि टेरीचा खटला त्याच्या सावलीत गेला. कायद्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

१८९० च्या खानेसुमारीनंतर अमेरिकी सरकारने जाहीर केलं की वस्तीच्या सरहद्दीची सलग रेषा आता दाखवता येत नाही. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकाराने त्यावरून मोठा सिद्धांत मांडला: या सरहद्दीनेच अमेरिकेची लोकशाही घडवली, आणि आता ते पर्व संपलं. रिचमंडचा गोळीबार नेमका या शेवटच्या वर्षांतला. पण ब्राझोसच्या काठी पाहिलं तर त्याच वर्षांत लोकशाही घडत नव्हती, गुंडाळली जात होती. याच मातीत उसाच्या मळ्यांवर तुरुंगातले कैदी भाड्याने आणून राबवले जात. कनिंगहॅम आणि एलिस या दोन मळेवाल्यांनी १८७८ पासून काही वर्षं टेक्ससच्या सगळ्याच कैद्यांचा मक्ता घेतला होता. त्यांतले बहुतेक कैदी कृष्णवर्णीय. २०१८ मध्ये रिचमंडजवळच्या शुगर लँडमध्ये शाळेची इमारत बांधताना जमिनीखाली ९५ कबरी सापडल्या. त्या अशाच कैद्यांच्या होत्या. मत, मजुरी आणि तुरुंग या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत मांडणं मला जमलं नाही, कारण तिथे जगणाऱ्यांना त्या वेगळ्या नव्हत्याच.

कॅरी नेशन हिचाही उल्लेख करायला हवा. पुढे कॅन्ससमध्ये कुऱ्हाडीने दारूची दुकानं फोडून जगभर गाजलेली ही बाई १८८० च्या दशकात रिचमंडमध्ये हॉटेल चालवत होती. तिचा नवरा डेव्हिड ह्यूस्टनच्या वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचा. जेबर्डांना त्या आवडल्या नाहीत. त्यांनी त्याला मारहाण केली, आणि नेशन कुटुंब कॅन्ससला निघून गेलं. तिच्या चरित्रांत हा एक टप्पा असतो. रिचमंडच्या बाजूने पाहिलं तर गावातून बातमी बाहेर नेणारा माणूस गेला, हा त्याचा अर्थ.

आज फोर्ट बेंड ओळखू येणार नाही इतकं बदललं आहे. २०२० च्या खानेसुमारीत तिथे आठ लाखांवर लोक होते आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. ह्यूस्टन परिसरातली कितीतरी मराठी कुटुंबं शुगर लँड, मिझुरी सिटी, रिचमंड या पट्ट्यात राहतात. त्यांची मुलं ज्या शाळांत जातात त्यांतल्या एका प्राथमिक शाळेला अ‍ॅरिझोना फ्लेमिंग यांचं नाव आहे. काउंटी जज या पदावर २०१८ मध्ये केरळात जन्मलेली व्यक्ती निवडून आली. तिथल्या मराठी वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे की रांगेत उभं राहून ते जे मत देतात ते या काउंटीत १९५३ मध्ये न्यायालयातून सोडवून आणावं लागलं होतं. त्यांनी एकदा वेळ काढून रिचमंडच्या मॉर्टन स्मशानभूमीत जावं. वॉल्टर बर्टनची कबर तिथे आहे. बर्टननंतर फोर्ट बेंडला दुसरा कृष्णवर्णीय शेरीफ मिळाला तो २०२० च्या निवडणुकीत.